सॅक्सो, बासरी आणि पहिलं रेकॉर्डिंग: निपाणीच्या एका वादकाला उत्तर

निपाणीहून एका 26 वर्षांच्या मुलाने विचारलंय: "काका, मी लग्नाच्या बँडमध्ये आल्टो सॅक्सोफोन वाजवतो आणि सात वर्षं बासरी शिकलोय. चार्ल्स लॉइड आणि झाकीर हुसेन यांचं रेकॉर्डिंग ऐकल्यापासून डोक्यात दुसरं काही नाही. स्वतःच्या चार धुना बांधल्यात. एकाच रेकॉर्डिंगमध्ये दोन्ही वाद्यं वाजवली तर चालेल का? पुण्याला स्टुडिओ घेऊ की घरीच करू? आणि बाहेर काढल्यावर पैसे मिळतात का?"

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकतो, म्हणजे तुझ्या घरचेही मोकळे होतील. पैसे मिळत नाहीत. स्पॉटिफायवर 2024 पासून नियमच आहे की एखादा ट्रॅक बारा महिन्यांत 1000 वेळा वाजला नाही तर त्याचा हिशोब धरत नाहीत. हजारावर गेला तरी हातात येतं ते निपाणी-बेळगाव बसच्या तिकिटाला पुरलं तर पुरलं. मिळतं ते वेगळंच. माझं पहिलं रेकॉर्डिंग ऐकून चोर्ला घाटापलीकडच्या एका हॉटेलवाल्याने मला तीन हिवाळे बोलावलं. त्या पैशातून टेनर सॅक्सोफोन आला. रेकॉर्डिंग म्हणजे आपलं व्हिजिटिंग कार्ड, दुकान नव्हे, एवढं धरून चाल.

आता दोन वाद्यांचं. तू लॉइडचं नाव घेतलंस ते बरं झालं. त्यांचा जन्म 1938 चा, मेम्फिसचा. टेनर सॅक्सोफोन हे त्यांचं मुख्य वाद्य आणि जोडीला फ्लूट. झाकीरभाईंबरोबरची ती मैफल 2004 मध्ये सांता बार्बरात झाली आणि 2006 मध्ये बाहेर आली. 2022 मध्ये दोघांचं आणखी एक रेकॉर्डिंग निघालं, जोडीला गिटारवर ज्युलियन लाज. 15 मार्च 2024 ला, ऐन 86 व्या वाढदिवशी, या गृहस्थांनी नवा दुहेरी अल्बम काढला. आमच्या बँडमध्ये पन्नाशीतच दात हलतात म्हणून क्लॅरोनेट खाली ठेवणारे आहेत, आणि हे शहाऐंशीला नव्या रचना घेऊन येतात. फक्त ही रेकॉर्डिंगं ऐकताना एक मोजून बघ. फ्लूट किती वेळा येतो? मोजकाच. सगळीकडे दोन्ही नाहीत. ज्या रचनेला फ्लूट हवा तिलाच तो आहे, बाकी वेळ तो स्टँडवर.

सॅक्सो आणि फ्लूट एकाच माणसाने वाजवायचे ही रीत जुनी आहे. त्याला कारण बोटांचं आहे. अडॉल्फ सॅक्सने पॅरिसला सॅक्सोफोनचं पेटंट घेतलं 1846 मध्ये, आणि बोमने आजचा धातूचा फ्लूट बनवला 1847 मध्ये. दोन्हींच्या चाव्यांची मांडणी इतकी जवळची की एकाची बोटं बसली की दुसऱ्यावर अर्धं काम झालेलं असतं. म्हणून तर मुंबईच्या फिल्मी ऑर्केस्ट्रात मनोहारी सिंग सॅक्सोही वाजवायचे आणि फ्लूटही. अमेरिकेतला जॅझवाला एरिक डॉल्फी तर आल्टो, बेस क्लॅरोनेट आणि फ्लूट अशी तीन वाद्यं घेऊन उभा राहायचा. लहानपणी तो पाखरांबरोबर वाजवायचा, आणि त्यांच्या दोन सुरांच्या मधल्या जागा फ्लूटवर शोधायचा, असं त्यानेच सांगितलंय. आपल्याकडच्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको, आपण त्याला श्रुती म्हणतो. 1964 च्या जूनमध्ये हॉलंडमध्ये त्याने वाजवलेला फ्लूट ऐक. त्याच महिन्याच्या अखेरीस तो गेला, वय 36.

पण तुझी अडचण इथेच आहे. तुझ्या हातात तो चाव्यांचा फ्लूट नाही, बासरी आहे. सहा उघडी भोकं. बोटांचा सॅक्सोशी काहीच संबंध नाही. म्हणजे तू दोन भावंडं नव्हे, दोन वेगळ्या घरांतली वाद्यं सांभाळतोयस. त्याचा फायदा असा की बासरीवर बोट सरकवून जी मींड निघते ती चाव्यांच्या फ्लूटवर सहज निघत नाही. तोटा स्वरांच्या पट्टीचा, आणि तो माझ्या मते तुझ्या अजून लक्षात आलेला नाही.

बघ. शास्त्रीय वादनाची बासरी बहुतेक वेळा पांढरी तीनची असते, तुझीही तीच असणार. आल्टोवर आपण ज्याला सी म्हणून बोट ठेवतो तो पेटीवर काळी दोन वाजतो. आता पांढरी तीन हा षड्ज आल्टोवर धरायला गेलास तर तुला सी शार्प पट्टीत वाजवावं लागेल, म्हणजे सातही स्वर शार्प. लग्नात दोन कडवी निभावशील, पण त्यात मनासारखं फिरणं, उपज करणं म्हणजे चप्पल उलटी घालून धावणं. म्हणून कारागिराकडून काळी दोनची बासरी बनवून घे, म्हणजे आल्टो सरळ सी मध्ये येईल. किंवा पांढरी चारची घे, आल्टो डी मध्ये येईल, दोनच शार्प. काळी पाचचीही चालेल, मग आल्टोवर जी. चारही धुना याच तीन पट्ट्यांत बसव. एवढं एक काम केलंस तरी तुझ्या वादनातला अर्धा ताण जाईल. मला हे कोणी सांगितलं नव्हतं. दोन वर्षं मी स्वतःच्या बोटांना शिव्या देत होतो.

दुसरी गोष्ट तोंडाची. इंग्रजीत एम्बुशर म्हणतात, आमचे मास्तर नुसतं तोंड म्हणायचे. मराठा रेजिमेंटच्या बँडमधून निवृत्त झालेले गृहस्थ. बेळगावच्या कॅम्पातल्या त्यांच्या घराच्या व्हरांड्यात आम्ही शिकलो. ते म्हणायचे, "बोटं महिन्यात बसतात, तोंड बसायला संसार निम्मा होतो." सॅक्सोला खालचा ओठ दातांवर घेऊन पत्तीखाली, म्हणजे रीडखाली, उशीसारखा धरावा लागतो. बासरीला तोच ओठ सैल, पातळ आणि मोकळा लागतो. अर्धा तास सॅक्सो वाजवून लगेच बासरी उचल. पहिली दोन मिनिटं सुरापेक्षा वाराच जास्त येईल. मंचावर लोक टाळ्या वाजवतात, त्यात हे खपतं. माईकपुढे खपत नाही.

यावर उपाय दोनच. रोजच्या रियाजात मुद्दाम उडी मारायची: दहा मिनिटं सॅक्सोवर लांब सूर, आणि दम न घेता बासरीवर मंद्र पंचम, सहाही भोकं बंद. तो सूर पहिल्या श्वासात गोल निघेपर्यंत हेच करत राहायचं. मला आठ महिने लागले, तू तरुण आहेस. दुसरा उपाय रेकॉर्डिंगच्या दिवशीचा आणि सोपा: बासरी सगळी सकाळी, सॅक्सो दुपारनंतर. उलटं कधीच नको.

आता तुझ्या धुनांविषयी. पाठवलेल्या दोनपैकी दुसरी मला आवडली, कारण ती एकाच स्वरसमूहात बराच वेळ राहते. जॅझमध्ये याला मोडल म्हणतात. 1959 मध्ये ट्रम्पेटवाल्या माइल्स डेव्हिसने दोन बैठकांत एक अख्खा अल्बम या ढंगात केला, त्यातली पहिली रचना नीट ऐक. बत्तीस मात्रांची नाही हं, बत्तीस बारची चौकट, एक बार म्हणजे इथे चार मात्रा. पहिले सोळा बार डी डोरियन, म्हणजे आपला काफी थाट, षड्ज पांढरी दोन. पुढचे आठ बार तोच काफी अर्ध्या स्वराने वर, काळी दोनवर. मग शेवटचे आठ परत खाली. सॅक्सोवाल्याला ही उडी सोपी. बासरीवाल्याचा षड्जच पायाखालून सरकतो, आणि अर्धी भोकं दाबत तो कसाबसा आठ बार काढतो. तुझ्या पहिल्या धुनेत तू नेमकं हेच करून ठेवलंयस, आणि मधल्या भागात बासरी चाचपडते ती त्यामुळे. तो मधला भाग गिटारला दे, किंवा तिथे सॅक्सो घे. वाद्य बदलायला हेच खरं निमित्त असतं: सूर बदलला, म्हणून वाद्य बदललं. "दोन्ही येतात म्हणून" हे निमित्त ऐकणाऱ्याला लगेच कळतं.

आणि सॅक्सोवर मींड निघत नाही असं समजून बसू नकोस. कद्री गोपालनाथ आपल्याच राज्यातले, मंगळूरकडचे, वडील नागस्वरम वाजवणारे. म्हैसूरच्या राजवाड्याच्या बँडमध्ये त्यांनी सॅक्सोफोन ऐकला आणि ते वाद्य कर्नाटक संगीताला वाकवून घेतलं. 2004 मध्ये पद्मश्री मिळाली, 2019 मध्ये गेले. अमेरिकेतला आल्टोवाला रुद्रेश महांतप्पा त्यांच्याबरोबर वाजवायला आला, त्या दोघांचं रेकॉर्डिंग 2008 मध्ये निघालं. आपल्या भागातली पोरं न्यूयॉर्ककडे बघतात आणि न्यूयॉर्कचा माणूस मंगळूरकडे बघत होता, याची मला अजून गंमत वाटते. उलट्या टोकाचं उदाहरणही ऐकून ठेव. लंडनच्या शबाका हचिंग्जने ऐन नावारूपाला आल्यावर 2023 च्या अखेरीस सॅक्सोफोन बाजूला ठेवला आणि शाकुहाची ही जपानी बासरी व इतर बासऱ्या घेतल्या. 2024 चा त्याचा अल्बम त्याच वळणाचा आहे. आवाज इतका हळू की पंखा बंद करून ऐकावा लागतो.

स्टुडिओ. माझी एक ठेच सांगतो. पंधरा वर्षांपूर्वी मी एका मोठ्या शहरात तासावर स्टुडिओ घेतला होता, नाव घेत नाही. इंजिनिअर सज्जन, पण आयुष्यभर गायक रेकॉर्ड केलेला. त्याने माईक थेट सॅक्सोच्या तोंडात, बेलमध्ये रोखला. मी एकदा बोललो, तो म्हणाला, "आवाज तिथूनच येतो ना?" घड्याळ चालू होतं, मी गप्प बसलो. घरी येऊन ऐकलं तर गावच्या गिरणीचा भोंगा. खालचे दोन सूर फुटलेले आणि वरचे कुठे गेले पत्ता नाही. पैसे गेले त्याचं दुःख कमी, माझा आवाज मलाच ओळखू आला नाही त्याचं जास्त.

आवाज फक्त बेलमधून येत नाही. जितकी भोकं उघडी तितक्या ठिकाणांहून तो बाहेर पडतो, बेलमधून मुख्यतः सगळ्यात खालचे सूर. म्हणून माईक फूट-दीड फुटावर, वाद्याच्या मध्यावर, डाव्या हाताच्या चाव्यांच्या दिशेने. बासरीला माईक समोर ठेवलास तर फुंकरच जास्त येईल. कपाळाच्या उंचीवर, फूटभर लांब, फुंकायचं भोक आणि पहिलं बोट यांच्या मधल्या जागेकडे वरून तिरका. 24 बिटवर रेकॉर्ड कर आणि सगळ्यात मोठा आवाज उणे 12 ते 10 डेसिबलपर्यंतच जाऊ दे. बेळगावातल्या पोरांना लाल दिवा, म्हणजे आवाज फाटल्याची खूण, लागल्याशिवाय रेकॉर्डिंग झाल्यासारखं वाटत नाही, का कोण जाणे.

मी आता घरीच करतो. घर वडगावात, गल्लीत यंत्रमाग. दिवसभर खटक-खटक-खटक, आणि गंमत म्हणजे दोन माग कधीच एका लयीत नसतात. मित्र टिळकवाडीत राहतो, त्याच्याकडे दुसरी तऱ्हा: रेल्वे गेटाजवळ गाडीची शिट्टी. तू म्हणशील, मग पुणं काय वाईट? सांगतो. एका संध्याकाळी आम्ही तिघं बसलो होतो: मी, गोकाककडचा एक कन्नड तबलावादक आणि शेजारचा गिटारवाला पोरगा. मागांमुळे तीन टेक वाया गेलेले. तेवढ्यात वीज गेली. माग एकदम थांबले. गल्लीत अशी शांतता की कोपऱ्यावरच्या हॉटेलातल्या बशीचा आवाज यावा. कॉम्प्युटरही बंद. पण माझ्याकडे पेन्सिल सेलवर चालणारा छोटा रेकॉर्डर होता. तो स्टुलावर ठेवला, मी बासरी घेतली. तबलजी म्हणाले, "स्वल्प निधान री," म्हणजे जरा सावकाश, आणि ठेका पकडला. अंधारात अकरा मिनिटं वाजवलं. शेवटच्या सुरावर वीज आली आणि पहिला माग सुरू झाला, तो आवाज रेकॉर्डिंगमध्ये तसाच आहे. मी कापला नाही. माझ्या तिन्ही रेकॉर्डिंगमध्ये लोक त्याच ट्रॅकविषयी विचारतात.

वीज जायची वाट बघत बसू नकोस, पण बॅटरीवर चालणारा रेकॉर्डर आणि दोन गोधड्या एवढ्या भांडवलावर काम होतं हे लक्षात ठेव. गोधडी माईकच्या मागे टांगतात, तिथे चूक होते. माईक तोंड करून बघतो तुझ्याकडे, म्हणजे तुझ्या पाठीमागच्या भिंतीवरून परतणारा आवाज तो घेतो. गोधडी तुझ्या पाठीमागे हवी. खाली सतरंजी.

दिवस कोणते निवडायचे, याचं माझं गणित ठरलेलं आहे. लग्नसराईत तुला वेळ नाही. चातुर्मासात वेळ आहे तर पत्र्यावर पाऊस, आणि खानापूरकडे राहत असशील तर मग बोलायलाच नको. शिवाय ओल्या हवेत चाव्यांखालच्या गाद्या फुगतात आणि चिकटतात. गणपतीत सगळे मंडपात. उरतो पितृपक्ष. लग्न नाही, वाढदिवस नाही, दुकानाचं उद्‌घाटन नाही, तबलजी मोकळा, पाऊस ओसरलेला. माझी तिन्ही रेकॉर्डिंगं पितृपक्षातली आहेत. पहिल्या वेळी आई म्हणाली होती, "या दिवसांत नवं काय करूलालास रे?" मी म्हटलं, पूर्वजांनाच ऐकवतोय.

एकाच वाद्याचा एक टेक सकाळी आणि एक दुपारी करून जोडायला जाऊ नकोस. हवा एक अंशाने तापली की फुंकवाद्याचा सूर साधारण 3 सेंट चढतो, सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग. सकाळ-दुपारात दहा अंशांचा फरक पडला तर अर्ध्या स्वराचा जवळजवळ तिसरा हिस्सा. गिटारवाला हे मानत नाही, भांडतो. त्याला ट्यूनर दाखव.

पण या सगळ्याच्या आधी एक काम आहे आणि मला तेच तुला खरं सांगायचंय. चार धुना चार चौघांत वाजव. रेकॉर्डिंगच्या आधी, एक अख्खा हंगाम. जॅझची चांगली रेकॉर्डिंगं एक-दोन दिवसांत उरकलेली दिसतात, सॅक्सोवाल्या जॉन कोल्ट्रेनने 1964 च्या डिसेंबरात एका बैठकीत आपला सगळ्यात गाजलेला अल्बम केला. ते एका दिवसात झालं कारण ते चौघं त्याआधी वर्षानुवर्षं रात्रीमागून रात्री एकत्र वाजवत होते. तुझे लोक तुला क्लबमध्ये मिळणार नाहीत, मंडपात मिळतील. बेळगावात सार्वजनिक गणपती 1905 पासून बसतो, टिळकांच्या हस्ते सुरुवात झालेला. त्या मंडपांनी कीर्तनं ऐकलीत, मेळे ऐकलेत, तुझी पंधरा मिनिटंही ऐकून घेतील. आमच्या मंडळात मी एकदा सात मात्रांची एक रचना वाजवली, मला फार हुशारीची वाटायची. पुढच्या रांगेत एक आजी वाती वळत बसल्या होत्या. रचना चालू असताना त्यांचे हात एकदाही थांबले नाहीत. पुढची साधी काफीतली धून लागली तेव्हा वात तशीच बोटांत राहिली. सात मात्रांची रचना मी रेकॉर्डिंगमधून काढून टाकली.

बाहेर काढायची कामं थोडक्यात. प्रत्येक ट्रॅकला बारा अक्षरी आयएसआरसी क्रमांक, म्हणजे त्या रेकॉर्डिंगचा ओळख क्रमांक, लागतो, ट्रॅक स्पॉटिफायसारख्या ठिकाणी पोचवणारा डिस्ट्रिब्यूटर तो देतो. तारीख ठरवताना घाई नको. स्पॉटिफायच्या संपादकांकडे ट्रॅक सुचवायचा तर निदान सात दिवस आधी तिथे पोचलेला हवा, मी महिनाभर ठेवतो. बँडकॅम्पवर लोक थेट विकत घेतात, डिजिटल विक्रीवर ते 15 टक्के कापतात, आणि तिथे दहा माणसांनी घेतलं तरी इतर ठिकाणच्या हजारो श्रोत्यांपेक्षा जास्त हाती लागतं. मास्टरिंगवाल्याला आवाज ठोकून वर आणायला सांगू नकोस. स्पॉटिफाय सगळं उणे 14 लफ्सच्या (आवाजाच्या मोठेपणाचं माप) आसपास आणून सोडतो, ठोकलेला ट्रॅक तिथे नुसता चपटा ऐकू येतो.

तुझी चौथी धून अभंगावर आहे ना, तिथे जपून. तुकोबांचे शब्द कोणाच्या मालकीचे नाहीत, पण तू जी चाल घेतलीयस ती एका संगीतकाराची आहे, आणि चालीचा हक्क संगीतकाराच्या मृत्यूनंतर 60 वर्षं राहतो. शब्द तर तू वाजवणार नाहीस, वाजवणार ती चालच. एक तर रीतसर परवानगी आणि रॉयल्टी, नाही तर शब्दांवर स्वतःची चाल बांध. मी दुसरं सुचवेन. वारीत दिंडी चालते त्या ठेक्यावर सॅक्सो धरून बघ, काहीतरी सापडेल.

पत्ती आता दोन नंबरची वापरतोस असं लिहिलंयस. मिरवणुकीला ठीक आहे, चालत वाजवायचं असतं. बसून रेकॉर्डिंगला अडीचची घे, चार पत्त्या आळीपाळीने वापर, नवी पत्ती त्या दिवशी काढू नकोस. आणि काळी दोनची बासरी हातात आली की त्यावर ती दुसरी धून वाजवून फोनवरच रेकॉर्ड कर आणि पाठव. सॅक्सोचं नंतर पाठव, तुझा सॅक्सो चांगला आहे हे मला आधीच कळलंय.